पाषाणभेदाला पंचखाद्य

आमच्या घरी हिमालय आला तो कुरिअरनं. पुठ्ठ्याचा भोकं पाडलेला खोका, त्यावर बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहिलेलं, आणि रिवाजाप्रमाणे ती बाजू खाली. लिफ्ट बंद होती. (आमची लिफ्ट चालू असल्याचा प्रसंग या आठवणींत कुठेही येणार नाही, वाचकांनी वाट पाहू नये.) कुरिअरवाल्यानं खालूनच हाक मारली, "सामान आहे, घेऊन जा," आणि बाबा चार मजले उतरून तो खोका नुकतं जन्मलेलं मूल आणावं तसा दोन्ही हातांवर घेऊन वर आले. आई पोळ्या लाटत होती. काय आलं, असं तिनं विचारलं, तर बाबा म्हणाले, "झाडं. बारा हजार फुटांवरची." आईनं वाकून पाहिलं. ओल्या शेवाळात गुंडाळलेली दहा-बारा रोपटी, एकेक जेमतेम लिंबाएवढं. "चौथ्या मजल्यावर ठेवून राहिले तुम्ही," ती म्हणाली, "बाकीचे फूट कुठून आणसान?"

आम्ही मूळचे यवतमाळकडचे. बाबा नोकरीसाठी पुण्यात आले, पिंपरीकडच्या एका कारखान्यात लागले आणि वारज्याला, हायवेच्या आवाजाच्या टप्प्यात, गच्चीलगतचा फ्लॅट घेऊन राहिले. आईनं इतक्या वर्षांत आपली वऱ्हाडी बोली सोडली नाही. शेजारच्या बायका तिची भाषा सुधारायला येत आणि सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, खाऊन जात. बाबांनी मात्र शुद्ध बोलण्याचा ध्यास घेतला होता. चारचौघांत ते 'आपण', 'कृपया' आणि 'तथापि' वापरत. त्यातलं 'तथापि' बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडे, पण पुण्यात एवढ्या आत्मविश्वासानं बोलणाऱ्याला कुणी अडवत नाही.

त्या वर्षी त्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली होती. स्वेच्छा कोणाची, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. निरोप समारंभात शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला वेळेवर कुठेच पोचायचं उरलेलं नाही त्याला घड्याळ देण्याची आपली पद्धत मला आजही फार हृद्य वाटते. त्यानंतरचे कित्येक दिवस बाबा साडेपाचला उठून दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसत. खाली कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक हिंजवडीकडे जात. बाबा त्या पाहत. आई चहा ठेवून जायची, तो निवायचा. मी तेव्हा बारावीत होते, आणि घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं म्हणून माझा अभ्यास उत्तम होत होता. असा फायदा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मग कारखान्यातल्या जुन्या मित्रांनी त्यांना ओढून हिमालयात नेलं. पंधरा दिवसांनी परत आले ते सोललेलं नाक आणि मला सांगायचं एक वाक्य घेऊन. "वैशू, नुसत्या खडकाच्या फटीत फूल असतं. माती नाही, काही नाही." हे वाक्य आम्ही महिनाभर जेवताना ऐकलं. तिकडच्या एका रोपवाटिकेवाल्याशी त्यांनी ओळख करून घेतली होती. तो ही झाडं बियांपासून वाढवायचा. त्याच्याकडून तो खोका आला. त्यात सॅक्सिफ्रेज नावाची, गादीच्या गुंडीसारखी घट्ट वाढणारी रोपं होती, गुलाबाच्या फुलासारखी दिसणारी काही मांसल रोपं होती, आणि तीन पाषाणभेद. पाषाणभेदाचं नाव निदान आईला माहीत होतं, मुतखड्यावर देतात. "चला, काही उपयोगाचं आणलं," ती म्हणाली.

आता प्रश्न आला कुंडीत काय घालायचं याचा. खडकाच्या फटीत, माती नसताना, काही नसताना उगवणारं झाड, असं स्वतःच्या तोंडानं महिनाभर सांगितलेल्या माणसानं यावर काय करावं? बाबांनी खतं गोळा करायला सुरुवात केली. त्या काळात पुण्यात सेंद्रियाची लाट आली होती. ज्यांच्या घरात तुळससुद्धा वाळत असे तेही गांडुळांविषयी अधिकारवाणीनं बोलत. बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघत आणि एकेक पोतं घेऊन येत. कात्रजच्या पुढच्या एका गोठ्यातून शेणखत आलं. कोथरूडच्या एका बंगल्यातून गांडूळखत आलं, सोबत मालकांचं दीड तासाचं व्याख्यान. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा आल्या. त्या बादलीत भिजवल्या की फुगून बादलीबाहेर येत आणि आमची मोरी आठवडाभर तपकिरी राहिली. निंबोळी पेंड आली, तिच्या वासानं आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची संख्या घटली, हा तिचा एकमेव सिद्ध झालेला गुण. शेवटी हाडांचा चुरा आला, तो नेमका गुरुवारी. आईनं तो उंबऱ्याबाहेर ठेवायला लावला आणि त्या दिवशी बाबांना वरण-भाताऐवजी मौन वाढलं.

हे पाचही जिन्नस बाबांनी समप्रमाणात मिसळले. समप्रमाण त्यांना न्याय्य वाटे. कामगार संघटनेत वर्षं काढली होती. काळंभोर, लोण्यासारखं मऊ मिश्रण झालं. मुठीत धरलं की मोदकासारखं वळायचं. आई म्हणाली, "हे तर पंचखाद्य झालं." ती टोमणा मारत होती, पण बाबांना नाव आवडलं. 'पंचखाद्य : पर्वतीय वनस्पतींसाठी सेंद्रिय मिश्रण' असं छापलेल्या पिशव्या आल्या. दिवाणखान्यातला सोफा गच्चीच्या जिन्यात गेला आणि त्याच्या जागी पिशव्यांची थप्पी लागली. हिंजवडीच्या कंपन्यांमधल्या बागा सांभाळणारा गायकवाड नावाचा एक कंत्राटदार बाबांना कुठूनसा भेटला. तिथल्या साहेबलोकांना परदेशी दिसणारं काहीतरी टेबलावर हवं असतं, हे त्यानं हेरलं होतं. जानेवारीत शहरात बागप्रेमी मंडळाचं प्रदर्शन असतं, तिथे तुमच्या कुंडीची वाहवा झाली तर सगळ्या पिशव्या मी उचलतो, असं तो म्हणाला. बाबा पुन्हा दाढी करताना गुणगुणू लागले. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "झाडं जगली पाहिजेत बाप्पा."

झाडं जगत नव्हती. दिवाळीपर्यंत गादीच्या गुंड्या आतून तपकिरी पडल्या. मांसल रोपांचे बुंधे मऊ झाले आणि बोट लावलं की डोकं हातात येऊ लागलं. बाबा प्रत्येक मृत्यूनंतर वहीत नोंद करत, 'पोषण कमी पडले', आणि उरलेल्यांना आणखी एकेक मूठ पंचखाद्य घालत. मी एकदा म्हटलं, "बाबा, जास्त होत असेल." ते म्हणाले, "तू अभ्यास कर." माझं इंजिनिअरिंग ठरलेलं होतं. आमच्या दारावरून ज्या बसगाड्या जायच्या त्यांपैकी एकीत मला बसवणं हे त्यांचं स्वप्न होतं. स्वतःला एका बसमधून उतरवलं गेल्यावर माणूस दुसरं काय स्वप्न पाहणार.

आमची इमारत ज्या शेतावर उभी होती त्याचे मूळ मालक बबनतात्या समोरच राहत. जमिनीचा मोठा तुकडा बिल्डरला गेला होता, त्यातून बंगला उठला होता, आणि मागे अर्धा एकर वांगी-मिरची उरली होती. बंगल्यात संगमरवर होतं, पण तात्या बाहेर आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसत. एकदा मी मेलेल्या रोपाची कुंडी कचऱ्यात टाकायला नेत होते तेव्हा त्यांनी मला थांबवलं, कुंडीत बोट घातलं, वास घेतला.

"कुणी कालवलं ह्ये?"

"बाबांनी."

"चांगलं हाय. लय चांगलं हाय," तात्या म्हणाले. "वांगं लाव ह्याच्यात. डोंगरावरचं झाड नगं लावू. त्याला उपाशी ऱ्हायची सवय हाय. त्याला रोज पंगतीला बसवलं तर ते मरनारच की."

"मग काय घालायचं?"

"पानी थांबनार नाय असं कायतरी घाल."

इतका साधा सल्ला बाबांनी स्वीकारणं शक्य नव्हतं. त्याला छापील पिशवी नव्हती. म्हणून मी माझ्यापुरता प्रयोग केला. पाच रिकामे डबे घेतले, बुडाला सारखी भोकं पाडली, प्रत्येकात एकेक जिन्नस भरला आणि पेलाभर पाणी ओतून खालून किती वेळात येतं ते पाहिलं. कोकोपीटनं पाणी पिऊन टाकलं आणि परत द्यायचं नावच काढलं नाही. शेणखताचा वर चिखल झाला. गांडूळखत बरं होतं, पण दोनदा पाणी घातल्यावर तेही बसलं. मग तात्यांच्या आंब्याखालच्या खड्ड्यातलं दोन वर्षांचं पानखत आणलं, म्हणजे कुजून भुगा झालेला पालापाचोळा. ते हलकं होतं, ओल धरत होतं पण तुंबत नव्हतं. मुळशीकडून तात्यांकडे भाताचं तूस यायचं, ते अर्धवट जाळून काळं केलं. आणि समोर कुठल्याशा इमारतीचं काम चालू होतं तिथून बारीक खडी आणली, चाळून, धुऊन. तीन वाट्या खडी, एक वाटी पानखत, अर्धी वाटी तूस. पाणी वरून घातलं की खालून लगेच हजर. दिसायला मिश्रण दरिद्री होतं. पाहुण्यांसमोर ठेवावं असं त्यात काही नव्हतं.

तोवर तीन पाषाणभेद आणि एक सॅक्सिफ्रेज एवढीच मंडळी शिल्लक होती. बाबांनी पुण्याचं जे काही आत्मसात केलं होतं त्यात दुपारची झोप सर्वांत पक्की होती. एक ते चार या वेळात घराला आग लागली असती तरी त्यांनी आगीला नंतर यायला सांगितलं असतं. एका दुपारी मी चारही कुंड्या गच्चीच्या कोपऱ्यात नेल्या, रोपं उपटली, मुळांना चिकटलेला काळा चिखल धुतला आणि माझ्या खडीत लावली. वर, बुंध्यापासून जरा दूर, पंचखाद्याचा पातळ थर पसरला, घरच्यांनी पाहिलं तर संशय नको म्हणून. आई वाळवण काढायला गच्चीत आली. तिनं सगळं पाहिलं. माझे खडीनं सोललेले हात पाहिले. "तुह्या बापाले सांगू नको," ती म्हणाली, आणि मला तीळ लावलेली भाकरी आणि झुणका आणून दिला. घरातली क्रांती साधारण अशीच होते. तिला जेवायला घालणारी एक बाई लागते.

झाडं जगली. नुसती जगली नाहीत, डिसेंबरच्या थंडीत पाषाणभेदाची पानं हाताच्या पंजाएवढी झाली आणि जानेवारीत एकाच्या पोटातून गुलाबी फुलांचा तुरा वर आला. बाबा रोज सकाळी त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसत. बसगाड्यांकडे पाहणं बंद झालं. वहीत लिहिलं, 'पंचखाद्य लागू पडले.' मी ते वाचलं आणि काही बोलले नाही. खोटं बोलण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटत होतं. आज वाटतं, दोन्हींत फार फरक नव्हता. माझ्या पद्धतीत फक्त तोंड बंद ठेवायची सोय होती.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. दाराशी पाटी होती, 'फुलांना हात लावू नये. कौतुक मोजके करावे.' बाबांनी पाषाणभेद मांडला, शेजारी पंचखाद्याची पिशवी उभी केली आणि प्रवेशिकेवर स्वतःचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. गायकवाड दोन माणसांना घेऊन आला होता आणि पिशव्या कधी उचलायच्या याचं बोलत होता. परीक्षक म्हणून एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. बारीक, ताठ, चष्म्याला दोरी. गुलाबाच्या रांगेत त्यांनी कुणाला तरी "पाणी घालता का कधी?" असं विचारल्याचं मी ऐकलं होतं. आमच्या टेबलाशी त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"हे पुण्यात?" त्यांनी विचारलं.

"होय. तथापि कष्ट पडले," बाबा म्हणाले.

"सेंद्रिय काय घातलंत?"

बाबांनी पाचही नावं सांगितली. आवाज शाळेत कविता म्हणावी तसा झाला होता. बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली, वरचा काळा थर बाजूला केला आणि खालून चिमूटभर काढून तळहातावर घेतलं.

"आपण पाच म्हणालात. मला यात थोडं पानखत दिसतंय आणि जळकं तूस. बाकी खडी आहे. आपण सांगितलेल्यातलं एकही नाही." त्यांनी बाबांकडे पाहिलं. "कुणाची कुंडी आणलीत?"

गायकवाड टेबलाजवळ सरकला. बाबा वाकले. त्यांनी स्वतः चिमूट घेतली, दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली. मग हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या टेबलावरच्या शेवंतीचा इतका सखोल अभ्यास करत होते की तिची मला आजही प्रत्येक पाकळी आठवते. बाबांना सुटायचं असतं तर दहा वाटा होत्या. खास प्रयोग आहे म्हणता आलं असतं. पिशवी त्यांच्या कोपरापाशी उभी होती, गिऱ्हाईक समोर होतं, आणि दिवाणखाना भरून थप्पी घरी होती. हे मी केलं होतं. मी त्यांची झाडं वाचवली होती आणि त्यांना इथे, सगळ्यांसमोर, उघडं पाडलं होतं.

"हे माह्यं नाही," बाबा म्हणाले. इतक्या वर्षांचं कमावलेलं शुद्ध मराठी एका क्षणात गळून पडलं होतं. "माह्या पोरीनं केलं हे. माह्या खतात तर सारी मेली."

बाईंनी मला बोटानं जवळ बोलावलं. पानखत किती जुनं, कोकोपीट का नाही, तूस पूर्ण का जाळलं नाही, असं एकेक विचारलं. मी सांगत गेले. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, आणि न धुता घातलं तर खारटही असतं, हे मी म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून मला नीट पाहिलं. "पुढे काय शिकणार?"

"इंजिनिअरिंग," बाबा म्हणाले.

"अरेरे," बाई म्हणाल्या. मग वहीकडे वळल्या. "मिश्रण उत्तम. पण प्रवेशिकेवर नाव दुसऱ्याचं आहे, त्यामुळे बक्षीस देता येणार नाही. नियम आहे." आणि त्या पुढच्या टेबलाशी गेल्या. पुण्यात सत्य बोलण्याचा गौरव असाच करतात. पहिलं बक्षीस एका सुस्थितीतल्या कोरफडीला मिळालं.

गायकवाड घुटमळत म्हणाला, "साहेब, लोकांना काय कळतंय. पिशव्या पाठवू की."

"नका पाठवू," बाबा म्हणाले. "ज्यांच्याकडे जातील त्यांची झाडं मरतील."

परतीच्या बसमध्ये कुंडी त्यांच्या मांडीवर होती आणि ते खिडकीबाहेर पाहत होते. तिसऱ्या दिवशी बबनतात्यांचा टेम्पो आला आणि दिवाणखाना रिकामा झाला. पंचखाद्य अर्ध्या एकर वांग्यांना गेलं. त्या वर्षी तात्यांकडून आम्हाला इतकी वांगी आली की आईचे भरल्या वांग्याचे सगळे प्रकार संपले आणि तिला नवे शोधावे लागले. पंचखाद्य उत्तमच होतं. फक्त ज्याला भूक होती त्याला ते कुणी वाढलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी पुस्तक घेऊन बसले होते. बाबा वही घेऊन समोर येऊन बसले, इस्त्रीच्या शर्टात. पेनाचं टोपण काढलं.

"खडी कोणत्या जाळीनं चाळली?"

मी सांगितलं. आईची रव्याची चाळणी होती. स्वयंपाकघरातून एक भांडं आपटल्याचा आवाज आला. बाबांनी लिहून घेतलं. पानखत ओलं मोजायचं की सुकं, तेही विचारलं. तासभर विचारत राहिले. मला रागावायला त्यांना त्या दिवसांत सवड झाली नाही, आणि पुढे कधी झाली नाही. जूनमध्ये प्रवेशाचे फॉर्म निघाले तेव्हा त्यांनी शेतकी कॉलेजचा फॉर्म स्वतः रांगेत उभं राहून आणला आणि टेबलावर ठेवून नुसते म्हणाले, "हा पण भरून ठेव." 'पण' म्हणाले खरे, दुसरा आणलाच नव्हता. मी आज माती तपासण्याचं काम करते. हिंजवडीच्या कंपन्या मला गच्चीतल्या बागांसाठी बोलावतात, गाडी पाठवतात. तिथली तरुण मुलं 'मॅम, बेस्ट ऑरगॅनिक कोणतं?' असं विचारतात आणि मी झाड कोणतं ते आधी विचारलं की नाराज होतात.

झाडांचं काय झालं हे सांगायला हवं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याचं ऊन लागलं आणि चारही मेली. सॅक्सिफ्रेज दोन दिवसांत, पाषाणभेद आठवडाभर झगडून. आम्ही सावली केली, ओली पोती बांधली, बाबा दुपारची झोप सोडून त्यांच्यावर पाणी शिंपडत बसले. पण बारा हजार फुटांवरच्या जिवाला चौथ्या मजल्यावर उन्हाळा काढायला लावणारं मिश्रण अजून कुणी शोधलेलं नाही. शेवटचा पाषाणभेद मेला त्या संध्याकाळी मी गच्चीत गेले नाही. मला ते बघवत नव्हतं, आणि माझं सगळं शहाणपण फक्त एका हिवाळ्यापुरतं होतं हे बाबांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

तेच खाली आले. हातात रोप होतं, खडी झटकलेलं. पानं कागदासारखी वाळली होती, पण खाली लांब, पांढरी, जाळीदार मुळं लोंबत होती, वीतभर तरी. त्यांनी ती दिव्याखाली धरून मला दाखवली, फिरवून सगळ्या बाजूंनी दाखवली.

"पाह्य," ते म्हणाले. "मुळं चांगली झाली होती."

बाबांनी माझं कौतुक केल्याचा हा एकमेव प्रसंग.